वाहक

भोंगाडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. वाईट वाटायला पाहिजे असं मनाला दोन-तीनदा बजावून पाहिलं, पण मन काही हलेना. अठरा वर्षं दारासमोर राहिलेला माणूस. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं. पण भोंगाड्यांबद्दल चांगलंच बोलायचं ठरवलं तर चार ओळींत आटोपेल, आणि त्यातल्या दोन त्यांच्या कडक इस्त्रीच्या खाकी शर्टाबद्दल असतील. तेव्हा इलाज नाही. त्यांना मी इथं अहो-जाहो करणार आहे ते व्याकरणाच्या सवयीनं. मनात मी त्यांना कधी अहो म्हटलं नाही.

महादेवराव भोंगाडे आर्वी डेपोत एसटीचे कंडक्टर होते. कंडक्टर म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. “वाहक म्हना. बिल्ल्यावर काय लिहिलं आहे थे वाचा,” म्हणून ते छाती पुढे काढत. पितळेचा तो बिल्ला ते चिंचेनं घासून लखलखीत ठेवत. नोकरी संपल्यावर तो देवघरात बाळकृष्णाशेजारी जाऊन बसला आणि रोज सकाळी एका फुलाच्या पाकळ्या दोघांत वाटल्या जाऊ लागल्या.

मी तेव्हा तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि रोज आर्वीहून जाणं-येणं करत होते. सकाळची गाडी भोंगाड्यांची. आम्हा शिक्षक मंडळींसाठी ते पुढची दोन बाकं रुमाल टाकून धरून ठेवत, आणि टोपल्या घेऊन चढलेल्या बायांना “सरका मांगं, सरका” करत मागे रेटत. वरच्याला नमस्कार आणि खालच्याला दम, एवढ्या भांडवलावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी काढली.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट, त्यापुढे पूर्ण. हा नियम त्यांच्या हातात आला की विचारूच नका. दारापाशीच्या लोखंडी दांड्यावर त्यांनी खिळ्यानं एक ओरखडा काढून ठेवला होता. मुलाला दांड्याशी उभं करायचं. डोकं ओरखड्याच्या वर गेलं की पूर्ण तिकीट, आईनं कितीही शपथा घेतल्या तरी. एकदा बाजाराच्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन चढली. मुलगी थोराड बांध्याची, पण तोंडावरून लहानच दिसत होती.

“धा वर्साची आहे जी,” बाई म्हणाली.

भोंगाड्यांनी मुलीला दांड्याशी उभं केलं. मग भरल्या गाडीसमोर तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं.

“धा म्हंते हे. दाढा तं तेरा वर्साच्या दिसून राह्यल्या. लेकराले आतापासूनच खोटं शिकवून राह्यली काय?”

गाडी हसली. बैलबाजारात दात बघतात ते मी पाहिलं आहे, पण बैलाला निदान लाज वाटत नाही. बाई पुढच्याच फाट्यावर मुलीला घेऊन उतरून गेली. मी पहिल्या बाकावर होते, रुमाल टाकून धरलेल्या. मी खिडकीबाहेरची कपाशी बघत बसले. हेही लिहून ठेवते, नाहीतर सगळा दोष एकट्याच्याच नावावर जायचा.

“मले वय इचाराची गरजच नाई मॅडम,” ते नंतर माझ्या बाकाशी येऊन म्हणाले. “पोट्ट्याकडे पाह्यलं का समजते. मानूस खोटं बोलते, उंची खोटं बोलत नाई.” हा दाढांचा किस्सा पुढे त्यांनी घरीदारी इतक्यांदा सांगितला, की गल्लीतल्या पोरांना तो पाठ झाला.

घरीसुद्धा ते गाडीच चालवत. तिकिटं छापायचं मशीन आलं तेव्हा त्यांनी आपला जुना पंच, ज्यानं तिकिटाला भोक पाडत तो चिमटा, घरी आणला. खाटेच्या लोखंडी पायावर तो एकदा आपटला, टक्, की थांबा. दोनदा, टक्-टक्, की चला. एसटीच्या घंटीचा नियम, तोच घराला. पंच हाताशी नसला तर नखानं काम भागवत. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, मी कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नाही. तिसऱ्या शब्दाला टक् होई आणि त्या पदर सावरत आत जात.

वैशाली ही त्यांची एकुलती मुलगी. बारावीला तिला चांगले मार्क पडले होते आणि वर्ध्याला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म मीच भरून दिला होता. तो फॉर्म कुठे गेला ते मला कधी कळलं नाही. भोंगाड्यांनी तिचं लग्न आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलाशी, आंजीच्या प्रमोदशी ठरवलं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पण भोंगाड्यांना तिचाही तोरा. मांडवात भेटेल त्याला ते एकच वाक्य ऐकवत होते: “बाहेरचं रक्त अन् बिनतिकिटाचा पाशिंजर, दोन्ही आपल्या गाडीत चढत नाई.”

मी तेव्हा दहावीला आनुवंशिकता शिकवत असे. फळ्यावर वाटाण्याच्या शेंगा काढून मुलांना दोन पिढ्यांचं गणित समजावत असे. त्या मांडवात मी बसले, जिलबी खाल्ली, मठ्ठा प्यायले आणि आहेर देऊन घरी आले.

प्रमोदला मामांनी आर्वीतच कापसाच्या एका जिनिंगमध्ये चिकटवून दिलं आणि जोडपं भोंगाड्यांच्याच वरच्या खोलीत राहायला आलं. मुलगी हातात, जावई हातात, पंच हातात. पुढे ते रिटायर झाले, तरी गाडी तशीच चालू राहिली.

स्वरा त्याच घरात जन्मली. पाच वर्षांची होईपर्यंत ती अंगणभर पळणारी, माझ्या जास्वंदीच्या कळ्या ओरबाडणारी धडधाकट मुलगी होती. मग तिच्या बोटांची पेरं जाड व्हायला लागली. मग गुडघे. जिना चढताना ती कठड्याला लोंबकळू लागली. आजोबांनी निदान केलं: लाड. जिन्याला एकोणीस पायऱ्या. ते खाली खाटेवर बसून टक्-टक् करत आणि ती चढायची. मध्येच थांबली की खालून आवाज येई, “काऊन थांबली? गाडी पंक्चर झाली काय?”

एका डॉक्टरांनी लहान मुलांचा संधिवात सांगितला आणि रोजच्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. रक्ताच्या तपासण्यांत संधिवाताचं काही दिसत नसे, तरी गोळ्या वाढत गेल्या. स्वराचं तोंड सुजून गोल झालं आणि उंची होती तिथेच थांबली. “गोळीनं पोट्टी कशी गुटगुटीत झाली पाहा,” भोंगाडे गल्लीत सांगत. उंची खोटं बोलत नाही म्हणणारा हा माणूस. चार दिवाळ्या त्या मुलीचा फ्रॉक एकाच मापाचा आला, ते त्यांना दिसलं नाही.

शेवटी वैशाली माझ्या मागे लागली आणि आम्ही स्वराला वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. भोंगाडे आलेच, त्यांच्याशिवाय त्या घरची गाडी स्टँडबाहेर निघत नसे. तिथली डॉक्टर तरुण होती. तिनं स्वराची बोटं दाबून पाहिली, पाठीचा एक्स-रे काढला आणि तो बराच वेळ उजेडात धरून ठेवला.

“हा संधिवात वाटत नाही,” ती म्हणाली. “सांध्यात हाडांच्या टोकाला एक मऊ गादी असते, तीच हिची जन्मापासून कच्ची आहे. फार थोड्या मुलांना होतं हे. खात्री करायला जनुकांची तपासणी करावी लागेल. हिचं रक्त, आईचं आणि बाबांचं. एकदा पक्कं झालं की या गोळ्या हळूहळू बंद करू. त्यांचा हिला उपयोग नाही, नुकसान मात्र रोज होतंय.”

म्हणजे काम एवढंच होतं. तीन माणसांचं थोडं थोडं रक्त, आणि त्या मुलीच्या गोळ्या सुटणार होत्या.

डॉक्टरांनी कागद ओढून घराण्याचा नकाशा काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. “नात्यात लग्न आहे का?” त्यांनी विचारलं. वैशालीनं तोंड उघडलं. भोंगाड्यांनी नखानं टेबलावर एकदा टक् केलं.

“नाई,” ते म्हणाले. “नात्यात-गित्यात काही नाई. आंजीचे पाहुने आहेत.”

वैशालीचं तोंड मिटलं. मी “अहो भोंगाडे” एवढंच म्हणाले.

“मॅडम, हे घरचं आहे,” त्यांनी मला सांगितलं आणि उठले. रक्त न देताच आम्ही परत आलो.

तपासणीची सोय डॉक्टर एका योजनेतून करून देणार होत्या, तेव्हा खर्चाचं कारण पुढे करता येत नव्हतं. मग दुसरी कारणं निघाली. आपल्या घरचं रक्त नळीत भरून कुठल्या गावाला जाणार, तिथं कोण काय वाचणार, खानदानाला बट्टा लागला तर भरून कोण देणार. वैशालीनं पोटुशी असताना पपई खाल्ली होती, हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवलं. पुढे आंजीच्या विहिरीचं पाणी आठवलं. विहीर त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या घरची, पण तिलाही सोडलं नाही. प्रमोदला विचारलं तर तो म्हणे, “मामा म्हंतीन तसं.” त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य. असं सव्वा वर्ष गेलं. रोज सकाळी चहा-पोळीनंतर स्वरा पांढरी गोळी घेत होती, आणि समोरच्या घरातून मी ते बघत होते.

स्वराला आता बारावं संपत आलं होतं. सातवीत शिकत होती आणि प्रार्थनेला पहिलीच्या रांगेत उभी केली तरी खपली असती. पण जीभ मात्र थेट आजोबांची. एकदा अंगणात ती म्हणाली, “आबा, मी तं जलमभर अर्ध्या तिकिटातच फिरीन. तुमच्या दांड्याखालून आरामात जाते मी.”

भोंगाडे हसले. मांडीवर थाप मारून हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. वैशाली तेव्हा दोरीवर कपडे वाळत घालत होती. ती हसली नाही. तिनं हातातला ओला टॉवेल बादलीत परत टाकला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, सोमवारी वर्ध्याले जायचं आहे. प्रमोदले सांगितलं मी. बाबा येतीन तं येऊ द्या.”

बाबा आले. डॉक्टरांनी जुना कागद काढला. वैशाली खुर्चीवरून उठून टेबलाशी गेली आणि त्या नकाशावर तिनं बोट ठेवलं.

“डॉक्टर, हे चुकलं आहे. माही सासू माही आत्या आहे. सख्खी.”

टक्. भोंगाड्यांचं नख.

ती थांबली नाही. “माहा नवरा माह्या आत्याचा पोरगा आहे. मागच्या खेपेले बाबानं खोटं सांगितलं अन् मी चूप बसली. माहीही चूक आहे.”

टक्-टक् झालं. घाबऱ्या हातानं दोनदा झालं, आणि दोनदा म्हणजे चला, हे त्यांच्याच घरात ठरलेलं. वैशालीनं बाही वर सरकवून हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी नकाशावर वैशाली आणि प्रमोदला जोडणाऱ्या रेघेखाली दुसरी रेघ ओढली. नात्यातल्या लग्नाला दोन रेघा काढतात म्हणे. प्रमोद मामांकडे न बघता पुढे झाला आणि त्यानंही हात पुढे केला. त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यांदा दिसला.

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. पुन्हा सगळे त्याच खोलीत. निदान पक्कं झालं होतं. डॉक्टरांनी लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मग मराठीत समजावलं. सदोष जनुक स्वराला दोन्हीकडून मिळालं होतं, एक आईकडून, एक बाबांकडून. “आई आणि बाबा दोघंही वाहक आहेत,” त्या म्हणाल्या. मग भोंगाड्यांकडे वळल्या. “आणि आजोबा, ते खाली आलं बहुतेक तुमच्यामार्फत आणि तुमच्या बहिणीमार्फत. म्हणजे तुम्हीही वाहक.”

भोंगाडे खुर्चीत ताठ झाले.

“होतो,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं. आर्वी डेपो. तुमाले कोनं सांगितलं?”

मला हसू आलं. मोठ्यानं आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा शांतपणे सांगितलं: वाहकाला स्वतःला काही होत नाही. आपल्याजवळ काय आहे याचा त्याला पत्ताही नसतो. दोन वाहक नवरा-बायको झाले, तर एखाद्या मुलाच्या वाट्याला दोन्हीकडचं येतं. एकाच घरातले असले की तसं व्हायची भीती जास्त.

भोंगाडे त्या दोन रेघांकडे बघत राहिले. टेबलावरचं नख हललं नाही.

“म्हंजे बिनतिकिटाचं माह्याच गाडीत बसून होतं,” ते म्हणाले. “अन् मी बाहेरच्याइले तपासून राह्यलो होतो.”

म्हणजे त्यांना कळलं होतं. आमच्यापैकी कोणाहीपेक्षा नेमकं कळलं होतं. म्हणून तर पुढचं मला जास्त चीड आणतं. त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ते लोकांना सांगत होते, “वर्ध्याच्या डॉक्टरनं मले पाह्यलं न पाह्यलं, अन् म्हने, तुमी वाहक. न सांगता वयखलं तिनं.” आणि नातीच्या आजाराचं कोणी विचारलं, तर “असन काही आंजीकडचं.” माणूस शरमेनं मान खाली घालतो असं आपण पुस्तकात वाचतो. भोंगाड्यांची मान इस्त्रीच्या कॉलरमध्ये तशीच होती.

वैशालीनं मात्र त्या दिवशी कोणाला न विचारता वरच्या खोलीतल्या गाद्या खाली आणल्या आणि बापाची लोखंडी खाट वर पाठवली. एक बाजू तिनं धरली, दुसरी प्रमोदनं. तेव्हापासून एकोणीस पायऱ्या भोंगाडे चढू लागले. वरून टक् केलेलं खाली ऐकू येत नसे. सुमनकाकूंनी एकदा मला आपल्या लहानपणची एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, ती त्याच महिन्यात.

गोळ्या थोड्या थोड्या करत बंद झाल्या. आजार बरा होणारा नव्हता, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ठरावीक व्यायाम, जिना नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि पुढेमागे कंबरेच्या सांध्याचं ऑपरेशन. गेलेली उंची परत आली नाही. पण सूज उतरली आणि आतून स्वराचा खरा चेहरा निघाला. नाक, हनुवटी, भुवया, सगळं आजोबांचं.

मी नोकरीतून मोकळी होऊन वर्ध्याला मुलाकडे राहायला निघाले, त्या दिवशी भोंगाडे मला शेवटचे दिसले. आर्वी-वर्धा गाडी, मी मागच्या बाकावर. वैशाली एका औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, म्हणून स्वराला दवाखान्यात दाखवायला तेच निघाले होते. अपंगाच्या सवलतीचा दाखला अजून हातात आलेला नव्हता; बायकांना अर्धं तिकीट मात्र एव्हाना सुरू झालं होतं. गाडीची पायरी उंच. त्यांनी तिला कडेवर उचलून घेतलं आणि दांड्याला धरत, दम खात चढले. पुढची बाकं भरलेली होती. त्यांच्यासाठी कोणी रुमाल टाकला नव्हता. माझ्याच पुढच्या बाकावर जागा झाली. त्यांनी मला पाहिलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.

कंडक्टर तरुण मुलगी होती. मशीन घेऊन त्यांच्यापाशी आली, स्वराकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “पोरीचं अर्धं ना काका?”

“कोन्तं अर्धं?”

“लहान मुलाचं.”

“लहान मुलाचं नाई,” भोंगाडे म्हणाले. “तेरा पूर्ण आहेत तिले. बाईचं अर्धं द्या.”

कंडक्टर मुलीनं बटणावरचं बोट थांबवलं. “काका, दोन्हीचं भाडं सारखंच लागते.”

“मालूम आहे मले. एकतीस वर्षं होतो मी. तेरा पूर्ण म्हंजे तेरा पूर्ण.”

“तेरा?” ती स्वराकडे पुन्हा बघत म्हणाली. “उंचीवरून तं सात-आठाची वाटते.”

“दाढा दाखवू काय हिले, आबा?” स्वरानं विचारलं.

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. भोंगाडे हसले नाहीत. त्यांनी एकदा त्या दारापाशीच्या दांड्याकडे पाहिलं, मग नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“नोको,” ते म्हणाले. मग त्या कंडक्टर मुलीला हळू आवाजात म्हणाले, “उंची खोटं बोलते बाई. तुमी वय इचारत जा.”

तिनं बटण दाबलं. तिकिटावर ‘महिला’ छापून आलं. स्वरानं ते जाड पेरांच्या बोटांत धरून वाचलं आणि दप्तरातल्या कंपासपेटीत ठेवून दिलं.